ओढायचं की चालवायचं

क्लाइव्हने पुन्हा मोटरहोमचा विषय काढला, तेव्हा लॉर्ना बटाटे सोलत होती. तिने सुरी आपटलीच.

"दोन वर्षं झाली! रोज चहाबरोबर हेच दळण. घ्यायचं तर घे एकदाचं."

"घ्यायचं म्हणजे कॅराव्हॅन विकावी लागेल."

"मग विक!"

"पण चांगली आहे गं ती."

"मग ठेव!"

"ठेवली असती, पण..."

या 'पण'ने लॉर्नाच्या डोक्याचा भुगा केला होता. स्किप्टनच्या त्यांच्या घरापुढे कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरची राहायची खोली, उभी असायची. लग्नानंतर घेतलेली ही तिसरी. दर उन्हाळ्यात क्लाइव्ह ती मोटारीमागे जोडायचा आणि दोघं डोंगरात नाहीतर समुद्राकाठी जायची. ओढणं त्याच्याकडे, चहापाणी तिच्याकडे. का, ते कधी कुणी ठरवलं नव्हतं. आता त्याला मोटरहोमचं वेड लागलं होतं: इंजिन घराच्याच पोटात, जोडणं नको, सोडणं नको. आठवड्यातून दोनदा तो विक्रेत्यांकडे जाऊन गाद्या दाबून बघायचा, नळ सोडून बघायचा, आणि जेवताना तिला सगळं साग्रसंगीत ऐकवायचा. निर्णय मात्र शून्य.

शेवटी लॉर्नानेच चार दिवसांसाठी एक मोटरहोम भाड्याने ठरवलं. "परत आल्यावर 'हो' किंवा 'नाही'. तिसरा शब्द काढलास तर स्वयंपाक तुझा तू करायचास."

पहिला दिवस झकास गेला. माळरानावर गाडी थांबवून क्लाइव्ह सीटवरून उठला तो थेट शेगडीपाशी. "बघितलंस? पाय ओला न करता चहा!" बाहेर धो धो पाऊस होता. लॉर्नाला कबूल करावंच लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुक्कामाच्या तळावर दूध संपलं. एरवी कॅराव्हॅन जागेवर सोडून मोटारीने जाऊन आणलं असतं. आता दुधाला अख्खं घर निघालं. भर पावसात विजेची वायर गुंडाळा, कपबश्या टॉवेलात बांधा, फडताळांना कड्या घाला. एक कडी राहिली, आणि पहिल्याच वळणावर साखरेचा डबा लॉर्नाच्या पायाशी येऊन सांडला.

"नीट लावायची होतीस," क्लाइव्ह म्हणाला.

तिने बूट काढून खिडकीबाहेर झटकला. साखर बुटात गेली होती.

दुपारी फायली गावात तिच्या बहिणीकडे, मॉरीनकडे जेवायला जायचं होतं. मॉरीनची गल्ली एवढी चिंचोळी की थांबायला जागाच नाही. गावातल्या पार्किंगच्या तोंडाशी आडवा दांडा, उंच गाडी आत जाईना. पहिल्या फेरीला मॉरीनने दारातून हात हलवला. दुसऱ्या फेरीला तिने ओरडून विचारलं, "अगं, येताय की चाललाय?" तिसऱ्या फेरीला ती कमरेवर हात ठेवून नुसती बघत राहिली.

चौथी फेरी पुरी झाली नाही. कोपऱ्यावर क्लाइव्हने गाडी पुढे घातली आणि उजवीकडून येणाऱ्या व्हॅनने करकचून ब्रेक लावला. व्हॅनवाला शिव्या देऊन निघून गेला. क्लाइव्हने कशीबशी गाडी समुद्राच्या कठड्याशी नेऊन थांबवली.

"एवढी मोठी व्हॅन तुला दिसली नाही?"

"तिकडे बघता येत नाही मला."

"म्हणजे?"

"मान वळत नाही, लॉर्ना. उजवीकडे अजिबात नाही. मणक्याची झीज झालीय म्हणे." तो समोर बघत राहिला. "केझिकच्या तळावर मी कॅराव्हॅन मागे घेत होतो, आठवतं? ती बाई भांडी धुऊन टोपलं घेऊन मागून चालली होती. तू किंचाळलीस म्हणून वाचली. मला ती दिसलीच नव्हती. मोटरहोमला मागे कॅमेरा असतो, म्हटलं निभून जाईल."

"आणि कोपऱ्यावरच्या व्हॅनला कुठला कॅमेरा?"

क्लाइव्हने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

"दोन वर्षं मला गाद्या आणि नळ ऐकवलेस! मानेचं एक वाक्य निघालं नाही तोंडातून?"

"तू म्हणाली असतीस, गाडी चालवणं बंद कर."

"म्हणतेच आहे. बंद कर."

"मग संपलंच सगळं. विकून टाकू."

आपला संताप आता कुठे ठेवावा हेच लॉर्नाला कळेना. "संपलं काय? मी मेले का? एकोणीस वर्षं फिरत्या वाचनालयाची बस चालवली मी. बर्फातून, मेंढरांतून!"

"ते वेगळं. तिला मध्ये सांधा नव्हता."

"ऊठ तिथून," लॉर्ना म्हणाली.

उरलेले दिवस तिनेच गाडी हाकली. घरी आल्यावर तिने निकाल दिला: कॅराव्हॅन राहणार, ओढणार ती. दुधाला आणि बहिणीकडे जाताना घर पाठीवर घेऊन फिरायला ती काही गोगलगाय नव्हती.

पण मोटार आणि कॅराव्हॅनमधला सांधा हा खरंच वेगळा प्रकार निघाला. मागे जाताना कॅराव्हॅन डावीकडे वळवायची तर स्टिअरिंग उजवीकडे. कॅराव्हॅन ओढायच्या शिकवणीच्या मैदानावर लॉर्नाने रांगेतले सगळे प्लास्टिकचे शंकू आडवे केले. कुंपणापलीकडून क्लाइव्ह ओरडत होता, "उलटं, अगं उलटं!" ती काच वर करून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची.

मे महिन्यात ते नॉर्थम्बरलंडला निघाले. क्लाइव्ह शेजारी बसून पाय असा दाबत होता, जणू ब्रेक त्याच्याकडेच आहे. "हळू. आरशात बघ. तो ट्रक—"

लॉर्नाने रस्त्याकडेला गाडी घेतली. "पुढच्या गावात बसथांबा आहे. एक शब्द बोललास तर तुला तिथे उतरवते."

तो पोहोचेपर्यंत बोलला नाही. तळावर जागेत शिरताना तिने कितीदा पुढेमागे केलं देव जाणे. लोक चहाचे मग घेऊन बघायला उभे राहिले. शेवटी कॅराव्हॅन बसली, पण फाटकाच्या खांबाने एका बाजूला लांबलचक ओरखडा काढला.

क्लाइव्हने वाकून त्यावरून बोट फिरवलं. तोंड उघडलं.

"बोल," लॉर्ना गाडीच्या खिडकीतून म्हणाली.

"काही नाही. पाणी आणतो."

पाण्याचं पिंप ढकलत तो निघाला. वाट ओलांडण्याआधी थांबला, अख्खं अंग उजवीकडे वळवून त्याने नीट बघितलं, मगच पुढे गेला.

लॉर्नाने खिडकीतून ते बघितलं. इंजिन बंद करून किल्ली काढली. मग उतरली आणि चाकांना ठोकळे लावू लागली.