फळी कुरकुरते तिथे थांबायचं

मित्रांनो, मी एक जुना लाकडी खोका आहे. चंदनाचा नाही, शिसवीचा तर नाहीच. कपबशा फुटू नयेत म्हणून घाईघाईत ठोकलेला, स्वस्तातल्या देवदारी फळ्यांचा. खरं तर मी कधीच बंबात जळून गेलो असतो. पण मास्तरांच्या हाती लागलो आणि मोठमोठ्या हॉलमधल्या टाळ्या ऐकल्या. त्या माझ्यासाठी नव्हत्या, एवढी अक्कल मला आहे. त्या मास्तरांच्या नावावरही पडल्या नाहीत, ही खरी गंमत. हसायचं तर हसा, मास्तरांची बायको हसली नाही.

मास्तर बोटीनं समुद्र ओलांडून या शहरात आले तेव्हा त्यांचा सगळा संसार माझ्या पोटात होता. तो बाहेर निघाला आणि मी टेबल झालो, मग खुर्ची, मग पोरीच्या पाळण्याशेजारचं स्टूल. मास्तर दिवसभर लॉन्ड्रीत ओल्या चादरी पिळायचे आणि संध्याकाळी गायनमंडळात जायचे. तिथे पोस्टातले कारकून, नर्सा, दुकानातल्या पोरी रांगा करून एकदम गायच्या आणि मास्तर समोर उभे राहून हातानं त्यांना चालवायचे. तोंडावर ‘मास्तर’, पाठीमागे ‘उपरे’. माणूस एकच, मान दोन प्रकारचा.

एका रविवारी दुपारी मास्तर स्वयंपाकघरात माझ्यावर उभे राहून नवीन चाल बांधत होते. घाटावर नावेची वाट बघणाऱ्या बाईचं गाणं. समोर गायक कुठले? शेगडीला खालचा मंद्र सूर दिला होता, कपाटाला वरचा तार. पोरगी शेजारी झोपलेली. माझी एक फळी तेव्हापासूनच सैल. तिसऱ्या ओळीला मास्तरांचा पाय तिच्यावर पडायचा, फळी कर्र करायची आणि पोरगी चुळबुळायची. मग मास्तर तिथे पाय उचलून, श्वास धरून क्षणभर थांबायचे आणि पुढे जायचे. असं करता करता तो थांबा गाण्यातच बसला. मित्रांनो, ऐकणाऱ्याच्या काळजात कळ उठते ती नेमकी तिथेच. ती जागा माझी आहे. फुशारकी मारत नाही, सैल फळीला कसली फुशारकी.

मास्तर गाणं घेऊन मंडळाच्या अध्यक्षीणबाईंकडे गेले. सोबत मीही होतो, कारण मास्तर बुटके आणि मागच्या रांगेला त्यांच्या टकलापलीकडे काही दिसायचं नाही, म्हणून तालमीत ते माझ्यावर उभे राहायचे. बाई गोड होत्या. म्हणाल्या, "तुमचं स्वतःचं नको हो. तुमच्या मुलखातलं जुनं काही असेल तर द्या, लोकांना आवडतं."

मास्तरांनी एकदा कागदाकडे बघितलं आणि ठोकून दिलं, "जुनंच आहे. आमच्याकडच्या बायका म्हणतात."

घरी बायकोनं विचारलं, "कुठल्या बायका?"

"तू."

"मी तर आज ऐकलं."

"मग उद्यापासून म्हण."

दोघं पोट धरून हसली. मास्तरांचा बेत साधा होता: गाणं आधी चालू दे, मग खरं सांगू.

गाणं चाललं, आणि असं चाललं की मास्तर मागे राहिले. दुसरी मंडळं गाऊ लागली, शाळांत शिकवू लागले. कागदावर आधी ‘संग्राहक’ म्हणून मास्तरांचं नाव असायचं. मग शाई वाचवावी तसं तेही गेलं. मास्तरांनी पुढे ढीगभर गाणी स्वतःच्या नावानं केली. मंडळ ती एकदा गायचं, लोक खोकायचे आणि शेवटी म्हणायचे, "ते नावेचं होऊ द्या."

उरलेसुरले केस पांढरे झाल्यावर मास्तरांनी एकदाचं सांगितलं, की गाणं माझं आहे. आधी सगळे हसले. मग रागावले. लोकांचं गाणं म्हातारा स्वतःच्या नावावर करतोय, उपरा शेवटी उपराच, असं माझ्यादेखत बोलले. एका अभ्यासकानं तर लिहून ठेवलं होतं, की तिसऱ्या ओळीला त्या बायका मान वळवून नावाड्याकडे बघत, म्हणून तो थांबा. मास्तर म्हणाले, "नाही हो, तिथे फळी कुरकुरते म्हणून थांबायचं." अभ्यासकानं मायेनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

शेवटचा घाव घरच्याच माणसानं घातला. मास्तरांच्या मुलखातून नवीनच आलेली एक बाई गाणं ऐकून डोळे पुसत म्हणाली, "माझी आजी हेच म्हणायची." आता आजीपुढे कोण बोलणार? खोटं एवढं फिरलं की माहेरी जाऊन जुनं होऊन परत आलं. त्या दिवशी मास्तर घरी जेवले नाहीत असं म्हणतात. मी तोवर हॉलमध्येच राहायला गेलो होतो.

मग त्यांना शाल देऊन घरी बसवलं. नवा संचालक उंच आला, त्याला माझी गरज नव्हती. मी सामानाच्या खोलीत फिनाइलच्या बाटल्या सांभाळत बसलो.

मास्तर गेले तेव्हा मंडळानं शोकसभा ठेवली. पाळण्यातली ती पोरगी आता चष्मेवाली बाई झालेली. तिनं मला शोधून काढलं, पदरानं पुसलं, समोर ठेवलं आणि माझ्यावर उभी राहून सगळं सांगितलं. ऐकणाऱ्यांनी माना हलवल्या. बापाच्या दुःखात माणूस काहीही बोलतं. मग उंच संचालक म्हणाला, आता मास्तरांचं आवडतं पारंपरिक गीत. तो थांबा त्यानं काढून टाकला होता, गाणं रेंगाळतं म्हणे. तिसरी ओळ आली, मंडळ धडधडत पुढे निघालं, आणि पोरीनं पाय माझ्या सैल फळीवर दाबला.

कर्र.

पहिल्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "शू."

तर मित्रांनो, पाटी-दप्तरावर नाव घालता, तसं गाणं गाताना ते कुणी केलं ते आधी विचारा, आणि तो माणूस जिवंत असताना विचारा. जुन्या वस्तूंनाही जपा. माझी तक्रार नाही. सभेच्या दुसऱ्या दिवशीच मंडळानं सुतार बोलावून फळीत दोन स्क्रू मारून घेतले. आता माझ्यावर कुणी नाचलं तरी आवाज येत नाही. मीही अगदी पारंपरिक झालो.