नववी ओळ

"त्या कार्डावर जिवंत माणूस मांडू नकोस, पोरी," माझे सासरे आंपेलिओ म्हणाले होते. मी हसले. वर "बाबा, कागद तो कागदच" असंही ऐकवलं.

सान रेमोच्या कसिनोत, म्हणजे जुगारघरात, रूलेटच्या टेबलावर ही कार्डं फुकट मिळतात. दोन रकाने, एक लाल, एक काळा. फिरत्या चाकावरची गोळी ज्या रंगाच्या घरात थांबेल, त्या रकान्यात खूण करायची. बाबांनी तीस वर्षं हेच केलं. स्वतः एकदाही खेळले नाहीत. हॉटेलात पडून असलेल्या परदेशी म्हाताऱ्यांना खुणा केलेली कार्डं नेऊन द्यायचे. पेन्सिलीने नाही, टाचणीने. पेन्सिल खोडता येते, म्हणायचे. कोऱ्या कार्डांचे गठ्ठे अजून आमच्या फडताळात आहेत.

माझी इल्डा आठ महिन्यांची. तिला सारखा ताप येई, म्हणून मी सकाळ-संध्याकाळ त्याच कार्डांवर टाचणीने नोंद ठेवायला लागले. ताप नाही, लाल. ताप आहे, काळा. प्रत्येक वेळी एक ओळ.

"मास्तरीणबाई, हजेरी घेताय वाटतं?" बाबा दारातून म्हणायचे. आत मात्र यायचे नाहीत.

"घेते. तुम्ही गैरहजर राहा."

या सोमवारी सकाळी नवं कार्ड घेतलं, पहिल्याच ओळीत काळा आला. मग संध्याकाळीही. गुरुवारी सकाळी सातवा काळा टोचला, तेव्हा माझा नवरा रोमोलो कार्नेशनच्या फुलांच्या टोपल्या गाडीत चढवत होता.

"जाताना डॉक्टरला सांगू का गं?"

मी कार्डाकडे बघितलं. "थांब जरा. सात काळे झालेत, आता लाल यायलाच हवा."

कसिनोतून घरी जाणारा प्रत्येक जण हेच बोलतो. लग्नाआधी मीच रोमोलोला नाणं उडवून दाखवलं होतं, की मागे काय पडलं ते नाण्याला ठाऊक नसतं.  पण शिकलेली मी, म्हणून तो गेला टोपल्या घेऊन.

संध्याकाळी आठवा काळा.

आज सकाळी इल्डाचं अंग तापलेलंच होतं. टाचणी घेतली, तर नवव्या ओळीत, लाल रकान्यात, भोक आधीच पडलेलं. खिडकीशी धरलं. उजेड आरपार आला. कार्ड रात्रंदिवस माझ्या एप्रनच्या खिशात असतं.

बाबांना दाखवलं. त्यांनी हात मागे घेतले.

"कितवी ओळ?"

"नववी. तुम्ही टोचलंत का, बाबा?"

"मारियेताच्या कार्डावरही नववीच होती."

मारियेता म्हणजे माझी सासू. मी तिला फोटोतच पाहिलंय. तिच्या आजारपणात बाबांनीही असंच कार्ड ठेवलं होतं, हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

"तेव्हाही आठ काळे झाले," ते म्हणाले, "आणि लालात असंच आधी पडलेलं भोक. मला वाटलं, आता उतरतो ताप. डॉक्टरला धाडायचा निरोप धाडलाच नाही. दुपारी तिचं कण्हणं थांबलं. म्हटलं, झोप लागली बिचारीला."

"मग?"

"खूण खरी निघाली, पोरी. ताप नव्हता. कपाळ गार होतं."

मी धावत खाली जाऊन रोमोलोला गाठलं. तो टोपल्या तशाच रस्त्यावर टाकून गाडी घेऊन डॉक्टरकडे गेला. त्याचा निरोप आला, डॉक्टर वरच्या गावात एका बाळंतपणासाठी गेलेत. येतील, पण घाटाची वाट आहे.

आता दुपार झालीय. बाबा जिन्यावर इल्डाच्या खोलीकडे पाठ करून बसलेत. मारियेता त्याच खोलीत गेली. त्या खोलीचं दार ते तेव्हापासून उघडत नाहीत. मी स्वयंपाकघरात आहे. मघाशी इल्डाच्या कपाळावरची ओली घडी बदलायला पाणी घ्यायला आले, तेव्हा ती कुरकुरत होती. ती कुरकुर ऐकत, हाताला काही काम हवं म्हणून हे लिहायला बसले.

आत्ता कुरकुर थांबली.

झोपली असेल. उतरला असेल. खोली सात पावलांवर आहे आणि मला उठवत नाहीये. कार्ड समोर आहे. टाचणी शेजारीच पडलीय.

हे वाचणारे, तुम्ही जा. दार लोटलेलंच आहे, पाळणा खिडकीकडे आहे. कपाळाला हात लावू नका. दुलई थोडी खाली करा आणि तिची छाती हलतेय का, तेवढं बघा.