सरांचीच गाडी, बघायचं काय?

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण माझ्या जाहिरातीत ते नव्हतं. जाहिरातीत होतं, 'सरांची गाडी. जपून वापरलेली.' या दोन वाक्यांत खरा शब्द एकच आहे. गाडी.

त्यातही मी स्पोर्ट्स गाडी. दोन दारं, दोन माणसांपुरती जागा, लाल रंग आणि उंची इतकी कमी की माझ्यात माणूस बसत नाही, पडतो. कारखान्यातून निघाले तेव्हा वाटलं होतं, आपला जन्म वेगासाठी आहे. मग मी कर्जत तालुक्यात आले. इथले गतिरोधक ज्यांनी बांधले, त्यांना गाडीलाही पोट असतं हे कोणी सांगितलं नसावं. दर गतिरोधकाला माझं पोट खरवडून निघायचं आणि मालक माझ्यावरच खेकसायचा.

तो पहिला मालक मुंबईचा. कळंबला त्याचं फार्महाऊस होतं. पाहुणे यायचे, माझ्या बॉनेटवर कोपर टेकून फोटो काढायचे. कौतुक रग्गड झालं. पण ऑइल बदलल्याचा फोटो चांगला येत नाही, त्यामुळे ते काही वेळेवर बदललं गेलं नाही. पुढे मालकाने उंच, धिप्पाड, नवी गाडी घेतली आणि मला फार्महाऊसच्या मागे, नदीच्या अंगाला उभं केलं. वाहून गेल्या तरी चालतील अशा वस्तू जिथे ठेवतात, तिथे.

एका पावसाळ्यात नदी कुंपण ओलांडून आत आली. पाणी माझ्या सीटपर्यंत चढलं. राखणदाराने मालकाला फोन केला. पलीकडून प्रश्न आला, "सोफा वर घेतलास ना? मग झालं."

मित्रांनो, मी त्या सोफ्यावर आजही राग धरून आहे.

त्यानंतर मला यज्ञेशने उचललं. कर्जतमध्ये तो जुन्या गाड्या घेतो आणि विकतो. त्याने मला धुतलं, घासलं, पॉलिश केलं, सीटला नवी कव्हरं चढवली आणि आत मोगऱ्याचा वास मारला. त्या वासाखाली कुजका वास होता. मीटरवरचा आकडा त्याने इतका मागे नेला की मी पुन्हा वयात आले. आणि पुढच्या चाकाकडे जाणारी माझी ब्रेकची नळी गंजून पापुद्र्यासारखी झाली होती. मेकॅनिक म्हणाला, "बदलावी लागेल. सपाटीला चालेल, पण घाट उतरताना पाय दाबून धरला की फुटेल." यज्ञेश म्हणाला, "रंग मार."

नळीला काळा रंग मारण्यात आला.

पण त्याचं खरं पॉलिश निराळंच होतं. त्याने कागदावर मला आपल्या वडिलांच्या नावावर केलं. गोपाळकृष्ण सर. आयुष्यभर गणित शिकवलेला माणूस. अर्धा तालुका त्यांच्या हाताखाली शिकला आणि उरलेला अर्धा त्यांच्या हातून नापास झाला. दोघेही त्यांना सारखाच नमस्कार करतात. सरांना गाडी चालवता येत नाही. एकदा कुतूहलाने माझ्यात बसले होते, तेव्हा त्यांना बाहेर काढायला यज्ञेश आणि दूधवाला असे दोघे लागले.

मग त्यांच्या घरासमोरच्या अंगणात, फणसाखाली मला बघायला गिऱ्हाइकं येऊ लागली. त्यांनी मला जे प्रश्न विचारले, ते बैलाला विचारले असते तर बैलाने शिंग मारलं असतं. नंबरची बेरीज नऊ येते का? गाणी मोठ्याने वाजतात का? ॲव्हरेज किती? टायरला लाथ मारून, "रबर कडक आहे," असं कौतुकाने म्हणणारेही भेटले. कडक असणारच. उभ्या उभ्या वाळून तडकलंय ते! एकाने बॉनेट उघडण्यासाठी हात पुढे केला, तर त्याच्याच मेव्हण्याने तो खाली ओढला. "अरे, सरांची गाडी आहे. बरं दिसतं का ते?"

मित्रांनो, याला भीड म्हणतात. भीड ही भिकेची बहीण, असं तुम्ही शाळेत शिकला असाल. ती अपघाताचीही सख्खी बहीण आहे, हे पुस्तकात छापायचं राहून गेलं.

एके दिवशी पोशीरचा विपुल आला. घरची भातशेती, नेरळला हार्डवेअरचं दुकान, अंगात नवा शर्ट. सोबत बायको, हर्षला. तिच्या अंगावर लग्नातली साडी, कारण त्या दिवशी त्यांच्या लग्नाचा वाढदिवस होता. विपुलने तिला शब्द दिला होता की गाडी घ्यायची आणि इथूनच खोपोलीमार्गे घाट चढून लोणावळ्याला जायचं. संध्याकाळी तोच घाट उतरून परत.

उतरून! माझ्या काळजात, म्हणजे जिथे कार्बन साठतो तिथे, धस्स झालं.

ते येण्याआधी यज्ञेशने मला चालू करून तापवून ठेवलं होतं. थंड असताना मी म्हाताऱ्यासारखी खोकते आणि निळा धूर सोडते. एकदा तापले की आवाज गोड निघतो. तापलेल्या गाडीचा आवाज म्हणजे पाहुण्यांसमोरची भाषा. घरातली भाषा ऐकायची, तर गाडी गार असताना यावं.

हर्षलाने सहज बॉनेटवर हात ठेवला. "अवो, ही तापलीय. आताच कुटं फिरून आली काय?"

"उन्हात उभी आहे ना वहिनी, म्हणून," यज्ञेश म्हणाला.

"फणसाखाली कसलं ऊन?"

"गप गं," विपुल दबक्या आवाजात म्हणाला. "सरांची गाडी हाय. बगायचं काय त्यात?"

"सर काय इंजिनात बसलेत?"

मला तिचा मुका घ्यावासा वाटला. पण विपुलने टोकन देण्यासाठी फोन बाहेर काढलासुद्धा. मी आतल्या आत इतकी संतापले की वायपर मोडून हातात घ्यावा असं वाटलं. अरे, दुकानात खिळा घेताना वाकवून बघतोस, आणि बायकोला घाटात न्यायची गाडी न वाकताच घेतोस?

तेवढ्यात आवाज ऐकून सर ओटीवरून खाली आले. विपुल धावत गेला आणि पाया पडला.

"सर, ओळखलंत? विपुल. पोशीरचा."

"ओळखलं. त्रिकोणाला चौथी बाजू काढायचास. आज काय काढलंस?"

"तुमची गाडी घ्यायला आलोय, सर."

"माझी?" सरांनी यज्ञेशकडे पाहिलं.

"बाबा, कागदावर तुमच्या नावावर आहे. तुम्ही आत जा, चहा गार होतोय."

सर आत गेले नाहीत. "गाडी नीट बघितलीस का रे?"

"तुमची म्हटल्यावर बगायचं काय, सर!"

सरांचे कान आधी लाल झाले, मग मान. त्या क्षणी आम्हा दोघांचा रंग एक होता.

"तुझा पेपर न तपासता मी तुला कधी मार्क दिले होते?"

"नाय, सर."

"तू चांगला मुलगा होतास. तरी तपासायचो की नाही? आणि किती पडायचे?"

"सर, ते हर्षलासमोर नको."

"सांगा सर, सांगा," हर्षला म्हणाली.

विपुलला काय करावं सुचेना, म्हणून तो पुन्हा पाया पडायला वाकला. सर ओरडले, "सारखा सारखा काय वाकतोस? वाकलाच आहेस तर अजून वीतभर वाक आणि त्या गाडीखाली बघ!"

यज्ञेश म्हणाला, "बाबा, कपडे खराब होतील त्याचे." पण सरांचा आवाज चढला की तालुका अजूनही सरळ रेषेत उभा राहतो. विपुल नव्या शर्टानिशी पोटावर झोपला आणि माझ्याखाली सरकला. हर्षला आत बसली. पट्टा अडकला होता, म्हणून तिने तो जोर लावून शेवटपर्यंत ओढला. वरचा पट्टा काळा निघाला, खालचा मातकट, आणि वाळक्या गाळाची भुकटी तिच्या लग्नाच्या साडीवर सांडली.

"अगं बाई! खाचरातला गाळ हिच्यात कुटून आला?"

खालून विपुलचा आवाज आला. "हितं एक नळी ओली हाय. रंग नवा हाय, पण बोटाला लागतोय. आत नुसता गंज."

"नळी कसली ती?" सरांनी विचारलं.

विपुलने माझ्याखालून डोकं बाहेर काढलं. म्हणाला, "ब्रेकची, सर."

हर्षला माझ्यातून बाहेर आली. तिला कोणाच्या हाताची गरज लागली नाही. "यज्ञेशभाऊ, आमी आज घाट उतरणार व्हतो. उतरायचं नव्हतंच वाटतं तुमच्या हिशोबात."

"तसं नाही वहिनी, धंद्यात थोडंफार..."

"रीत न दाखवता नुसतं उत्तर लिहिणाऱ्याला मी शून्य देत आलो," सर म्हणाले. "तू तर उत्तराखाली माझी सही मारलीस."

विपुल आणि हर्षला आपल्या मोटरसायकलवरून गेले. तिने साडीवरचा गाळ झटकलासुद्धा नाही, तशीच बसली. सरांनी माझी किल्ली स्वतःच्या खिशात घातली, पुठ्ठा मागवला आणि फळ्यावरच्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'ही गाडी पुरात बुडाली होती. ब्रेक निकामी आहेत. दुरुस्तीशिवाय चालवू नये.' तो पुठ्ठा माझ्या काचेवर लागला. माझ्याविषयी एवढं खरं कधी कोणी लिहिलं नव्हतं. मला वाटलं, सुटले.

कुठली सुटतेय! परवा खालापूरचा एक रिसॉर्टवाला आला, किशोर नावाचा. त्याने पुठ्ठा वाचला, पुन्हा वाचला आणि डोळ्यांना रुमाल लावला.

"आजच्या काळात एवढं खरं कोण लिहितं हो? अशा माणसाची गाडी वाईट असेलच कशी? बॉनेट-बिनेट काही उघडू नका. सरांना वाईट वाटेल."

माझ्या कुजलेल्या वायरींत कुठेतरी काहीतरी चिकटलं आणि माझा हॉर्न आपोआप वाजू लागला. थांबेचना. किशोर खूश होऊन म्हणाला, "वा! हॉर्न तर एक नंबर आहे!"

सरांनी किल्ली दिली नाही, म्हणून तो अजून जिवंत आहे.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल. एखाद्या देखण्या जुन्या गाडीवर तुमचाही जीव जडेल. खुशाल घ्या, आम्हाला पळायची हौस अजून आहे. पण आमची नळी बदला, ऑइल बदला, पुराच्या वाटेत आम्हाला सोडू नका. घेण्याआधी सकाळी या, आम्ही गार असताना. गालिचा उचला, पट्टा ओढा, खाली झोपून बघा. शर्ट धुता येतो. विकणारा कितीही भला असो, त्याला चहा पाजा आणि आम्हाला तपासा. आणि एखाद्या गाडीचा हॉर्न आपोआप वाजू लागला, तर कृपा करून त्याचं कौतुक करू नका. ती शिवी असते.