सीट पक्की?

ताईचं विमान दोन पुरुष उंच उठलं आणि डाव्या पंखावर आपटून गवतात गेलं. एकटीनं उडवण्याची तिची ही तिसरीच खेप. तिच्या उजव्या हाताला प्लास्टर, आणि घरात अचानक सगळेच वैमानिक. बाबा म्हणाले, वारा असणार. काकांनी तर पेल्यावर चमचा ठेवून वारा कुठून आला तेही दाखवलं. काकांना स्कूटर स्टँडवर लावताना अजून दोन माणसं लागतात, पण ते असो.

सोमवारी तिला अपघाताचा अहवाल द्यायचा होता. तो वाचून तिला विमान शिकवणारे सर ठरवणार, ताई पुन्हा उडणार की घरी बसणार. ती सांगत होती, मी लिहीत होते. 'अचानक वारा आला.'

माझं डोकंच फिरलं. त्या दिवशी मी कुंपणापाशी उभी होते. वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी खांबाला मेल्यासारखी लटकत होती. तसं म्हटलं, तर म्हणे तुला काय कळतं, गप लिही. मी पेन खाली ठेवलं.

शेवटी ती भिंतीकडे बघत म्हणाली, "सीट मागे सरकली."

ताई बुटकी, म्हणून सीट अगदी पुढच्या खाचेत घेते. खटका बसला नव्हता. चाकं सुटताच सीट घसरली, हातातला दांडा ओढतच ती मागे गेली. विमानाचं नाक नको तितकं वर, मग थेट खाली.

"पण उड्डाणाआधी तपासायच्या यादीत आहे ना ते?"

"आहे. 'पक्की' म्हटलं आणि पुढे गेले. हलवून बघितलीच नाही."

सगळा राग उलटा माझ्यावरच आला. रोज संध्याकाळी ती यादी मीच वाचायचे, घड्याळ लावून. बावन्न सेकंदांवरून एकतीसवर मीच आणलं होतं तिला. वर टाळ्या वाजवल्या होत्या.

"माझ्या उंचीवरून बोलतील सगळे," ती म्हणाली.

"बोलू देत." मी वाऱ्यावर काट मारली. मग तिनं शब्द न् शब्द खरं सांगितलं.

सर म्हणाले, प्लास्टर निघालं की पहिल्या धड्यापासून. म्हणजे चार महिने पाण्यात. ताईनं घरी येऊन दार आपटलं. तासाभरानं बाहेर येऊन जेवणाच्या खुर्चीवर बसली. "वाच."

मी घड्याळ ड्रॉवरमध्ये टाकलं. "सीट पक्की?"

तिनं डाव्या हातानं खुर्ची गदागदा हलवली. त्या खुर्चीचा एक पाय कधीचाच डुगडुगतोय.

"नाही," ताई म्हणाली, आणि पुढचं मला वाचूच देईना.