सशाच्या मानेवरची रेघ

मी काचेचा एक जुना पेला आहे. माझ्या पोटावर धावता ससा कोरलेला आहे. मला गेलेला तडा बरोबर त्या सशाच्या मानेतून जातो.

मित्रांनो, माझा जन्म इराणातल्या निशापूरचा. भट्टीतून निघालो तेव्हा मी ओबडधोबड होतो. बर्जीन नावाच्या कारागिराने फिरत्या चाकावर धरून मला हा ससा दिला. त्याच्या जनावरांचे सगळीकडे कौतुक होई. मला विकत घ्यायला आलेला शेजारी अबू नस्र मात्र पापभीरू होता; सजीवांची चित्रे घरात ठेवणे त्याला धर्माविरुद्ध वाटे. तो म्हणाला, "बर्जीनभाऊ, जिवंत जनावर घरात कसं ठेवू? मानेवर एक ठळक रेघ मार. मान कापली की ते नुसतं चित्र." बर्जीनने रेघ मारली. पुढे सर्वच गिऱ्हाइके तशी रेघ मागू लागली.

हिवाळ्यात अबू नस्रने माझ्यात मधाचे गरम पाणी ओतले आणि मी तडकलो. पाठोपाठ इतर घरांतले हरिण आणि मोरही तडकले. जनावरांची काच अपशकुनी, असे लोक बोलू लागले. बाजाराच्या निरीक्षकाने बर्जीनला बजावले, की कारण दाखव, नाहीतर दुकान बंद कर. मी त्याच्या फळीवर परत आलो होतो. मला भट्टीत वितळवतील, या धास्तीने माझा जीव टांगणीला लागला होता.

"वेली कोरा म्हटलं, तर ऐकायचं नाही," त्याची बायको मेहरोय म्हणाली. "कुणाची वेल तडकली का?"

"वेल धावत नाही, मेहरोय."

"आता आपण धावू. गाव सोडून."

वेलीला मान नसते, म्हणून रेघही नसते, हे बर्जीनच्या मनात आले असावे. त्याने रेघेच्या प्रथेआधीचा एक ससा कोरलेला पेला उतरवला आणि त्यात उकळते पाणी ओतले. काही झाले नाही. पेला निवू दिला, मानेवर रेघ खोदली आणि पुन्हा पाणी ओतले.

"टिचला," मेहरोय हळूच म्हणाली.

निरीक्षकालाही हेच करून दाखवल्यावर दुकान राहिले, आणि बर्जीन ती रेघ खोदण्याऐवजी रंगाने काढू लागला. अबू नस्रने विचारले, "रंगाच्या रेघेनं मान कापली जाते का?"

"ससा तक्रार करत नाही," बर्जीन म्हणाला.

मित्रांनो, तडकलेल्या वस्तूला अपशकुनी म्हणण्याआधी तिच्यावरून एकदा बोट फिरवून पाहा. माझ्या सशाने कोणाचे काही बिघडवले नव्हते. ठळक दिसावी म्हणून ती रेघ खोल गेली होती, आणि तिथे माझी काच निम्मीच उरली होती.