ओळीने सगळे म्हणाले, समजलं

कालेर्वोला वॉकीटॉकीतलं बोलणं ऐकू येईनासं होऊन बरीच वर्षं झाली होती. जन्मभर कानाशी बंदुका वाजवल्यावर दुसरं काय होणार? शब्द गेले, नुसती घरघर उरली. पण पठ्ठ्याने कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. शिकारीची प्रमुख मार्केत्ता हुकूम द्यायची, मग जंगलाच्या कडेने उभे असलेले सगळे ओळीने "समजलं" म्हणायचे. शेजारच्या पेर्तीची घरघर थांबली की कालेर्वोही ठणकावून म्हणायचा, "समजलं." खरं कळलं असतं तर बंदूक काढून घेऊन त्याला सूपचं पातेलं ढवळत बसवलं असतं.

"सीमेपलीकडचे स्वीडनवाले कानात यंत्रं घालून शिकारीला येतात म्हणे," पेर्ती सौनाच्या वाफेत बसून मोठमोठ्याने सांगायचा. "आपल्यात नाही बुवा कुणी बहिरं." कालेर्वो मान डोलवायचा.

त्या सकाळी मार्केत्ताचा हुकूम नेहमीपेक्षा लांबला. मध्येच घरघर चढली. कालेर्वोने समजलं म्हटलं खरं, पण त्याची नजर झाडीवरच खिळली. त्याचा पुतण्या एन्सिओ कुत्रा घेऊन आत रान उठवत होता.

तेवढ्यात झाडीतून मूस हरीण बाहेर आलं. मोठा नर, आडवा उभा. असा नेम वर्षातून एखादाच मिळतो. कालेर्वोचं बोट चापावर गेलं. काय म्हणाली असेल ती? मारा म्हणाली, की मारू नका? त्याने बंदूक खाली घेतली, लाज गिळली आणि वॉकीटॉकीचं बटण दाबलं.

"मार्केत्ता, मला ऐकू आलं नाही. मला ऐकूच येत नाही गं. परत सांग."

एक छोटी घरघर. मग दुसरी, मग तिसरी. ओळीने, नेहमीच्याच मापाने. कालेर्वोने वळून पाहिलं. पेर्तीचे ओठ हलले, "समजलं." आणि पेर्तीने बंदूक खांद्याला लावली.

हातातली बंदूक टाकून, नारिंगी टोपी हलवत कालेर्वो सरळ पेर्तीच्या नळीसमोर धावला. पेर्तीने शिव्या घालत बंदूक खाली केली. मूस पळून गेला.

मूस उभा होता त्याच्या मागच्याच झाडीतून एन्सिओ बाहेर आला, लंगडत, जखमी कुत्र्याला छातीशी धरून. पांढराफटक पडला होता. एकदा स्वतःकडे, एकदा वॉकीटॉकीकडे बोट दाखवत तो घसा फोडून दोघांवर ओरडत होता.

"काय म्हणतोय रे?" कालेर्वोने पेर्तीला विचारलं.

पेर्ती कानामागे हात धरून कालेर्वोच्याच तोंडाकडे बघत होता.