निळीचं सुतक

वर्षालीनं कापडाची पट्टी रांजणात बुडवली, थोडा वेळ धरली आणि वर काढली. पाणी जिवंत असतं तर पट्टी हिरवट पिवळी निघाली असती आणि हवा लागताच डोळ्यांदेखत निळी झाली असती. ती मळकट राखाडी निघाली आणि तशीच राहिली. रांजणाला कुजका वास येत होता.

"मेलं पाणी," ती म्हणाली.

ओट्यावर जयवंता आणि आनंदाबाई सुताचा गुंता सोडवत बसल्या होत्या.

पवनारजवळची ही रंगशाळा कुमुदताईंनी उभी केली होती. आसपासच्या बाया इथं सूत रंगवायच्या, विणायच्या. गोंडांची जयवंता आणि कुणब्यांच्या आनंदाबाई एकाच घमेल्यात हात घालायच्या. नाव झालं होतं ते निळीचं. गूळ, चुना, कोंडा घालून आंबवलेलं ते पाणी रोज ढवळावं लागे, नाहीतर ते मरे. रंगशाळा उघडली त्या दिवशी लावलेलं पाणीच अजून चालू आहे, असं संस्थेचे अध्यक्ष पुंडलिकराव प्रत्येक पाहुण्याला अभिमानानं सांगत. अकरा दिवसांपूर्वी ताई गेल्या. आता त्यांच्या स्मृतिसभेला अहमदाबादचे एक व्यापारी त्याच निळीसाठी येणार होते. त्यांची मागणी मिळाली तर बायांना वर्षभराचं काम होतं.

"इतक्या दिवसांत एकीनंही काठी फिरवली नाही?"

"सुतक होतं ना, मॅडम," जयवंता म्हणाली.

"तुम्हांला कसलं सुतक? ताई तुमच्या कोण लागत होत्या?"

जयवंताचे हात थांबले. तिनं सूत खाली ठेवलं.

"शिकली तेवढी कोरडी झाली हे पोट्टी," ती आनंदाबाईंना म्हणाली आणि उठून बाहेर गेली.

वर्षालीनं पट्टी पुन्हा पुन्हा पिळली. रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून ती ताईंकडे आली होती. ताई गेल्या, त्यानंतर तिसऱ्याच दिवशी ती पुण्याच्या परिषदेला निघून गेली, ती आजच परतली होती. तिकीट आधीच काढलेलं होतं आणि तिचा निबंध याच रांजणावर होता. ताईंनाही हेच आवडलं असतं, असं ती गाडीत स्वतःला सांगत राहिली होती.

"बस माय जराशी," आनंदाबाई म्हणाल्या.

ती बसली.

"माहा पोरगा दुर्गेश गेला ना, तवा ताईनं इथं कुलूप लावलं. रोज माह्या अंगणात येऊन बसे. मी म्हटलं, ताई, तुमची नीळ खराब होईन. त म्हणे, होऊ द्या."

"मग?"

"मग काय? मेलं पाणी. चिंचेच्या बुडाशी ओतून देल्लं आन् नवं लावलं. जयवंताची सासू गेली तवाबी तसंच."

"पण पुंडलिकराव तर..."

"त्यायले भाषणाले काईतरी लागते ना." आनंदाबाई पदराआड हसल्या. "ताई म्हणे, त्यायले सांगू द्या, आपण ढवळू."

वर्षाली उठली. तिनं जयवंताला हाक मारली. जयवंता आली, पण तिच्याशी बोलली नाही. तिघींनी मिळून रांजण चिंचेखाली रिकामा केला आणि नवं पाणी लावलं.

सभेच्या आदल्या दिवशी नव्या पाण्यावर तांबूस साय धरली. पुंडलिकराव आले ते बाजारातल्या रासायनिक निळीचं पाकीट घेऊनच.

"उद्यापुरतं. कोणाले समजते?"

"पाणी आताच जागं झालंय, काका. फिकं येईल, पण येईल."

"बरं, राहू दे. पण जुनंच आहे म्हणून सांगजो. बायांच्या पोटाचा सवाल आहे."

वर्षालीनं पाकीट त्यांच्या हातात परत दिलं. सांगते, असं मात्र ती म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी ताईंच्या फोटोला हार घातला गेला, भाषणं झाली. मग व्यापाऱ्यांनी बाह्या वर करून रुमाल रांजणात बुडवला. तो आभाळासारखा फिका निळा झाला. त्यांनी तो उजेडात धरला.

"हेच ना ते पहिल्यापासूनचं पाणी?"

पुंडलिकरावांनी वर्षालीकडे पाहिलं. भिंतीशी उभ्या असलेल्या बायाही पाहत होत्या.

"नाही," वर्षाली म्हणाली. "नवं आहे. ताई गेल्या तेव्हा यांनी सुतक धरलं. दहा दिवस कोणी रांजणाला हात लावला नाही, म्हणून आधीचं पाणी मेलं. मी इथं नव्हते."

पुंडलिकराव खाकरले.

व्यापाऱ्यांनी रुमालाची घडी केली. आवाजात राग नव्हता, हिशेब होता.

"उद्या पुन्हा कोणी गेलं आणि माझा माल अडकला तर?"

"नाही, नाही, साहेब," पुंडलिकराव घाईनं पुढे झाले. "आता आम्ही तशी व्यवस्था..."

"अडकेल," वर्षाली म्हणाली.

बाहेर वर्ध्याची एसटी थांबली आणि निघून गेली. व्यापारी रुमालावरून अंगठा फिरवत राहिले.

"अशा वेळी उशीर किती दिवसांचा धरून चालू?" शेवटी त्यांनी विचारलं.

"ते या सांगतील," वर्षाली म्हणाली. तिनं वळून जयवंताकडे पाहिलं आणि थोडी बाजूला सरकून तिला पुढे यायला जागा केली.